वापरात असलेले कर्नल मॉड्यूल सुरक्षितपणे कसे उतरवावे?

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार. गेले काही महिने मी लिनक्ससाठी एक छोटे कर्नल मॉड्यूल (चालू यंत्रणेच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चढवता-उतरवता येणारा कोड) लिहीत आहे. मोजमापाच्या एका यंत्राकडून ठरावीक अंतराने आकडे घ्यायचे, ते बफरमध्ये साठवायचे आणि /डेव्ह मधल्या एका कॅरेक्टर डिव्हाइसमधून प्रोग्रामला वाचू द्यायचे, एवढेच त्याचे काम. मॉड्यूल चढवताना कधी अडचण आली नाही. अडचण येते ती उतरवताना, आणि ती दोन तऱ्हांची आहे.

पहिली अशी, की कोणताही प्रोग्राम डिव्हाइस उघडून बसलेला नसतानाही कधीकधी आरएमएमॉड (मॉड्यूल उतरवण्याची आज्ञा) ‘मॉड्यूल वापरात आहे’ असे सांगून नकार देते. एलएसमॉडमध्ये, म्हणजे चढवलेल्या मॉड्यूलांच्या यादीत, वापराचा आकडा १ दिसतो, पण त्यापुढे कोणत्याही मॉड्यूलचे नाव नसते. फाइल कोणी उघडली आहे ते दाखवणाऱ्या एलएसओएफ आणि फ्यूजर या दोन्हींनी शोधूनही कोणी सापडत नाही. एकदा तर हा आकडा ४ पर्यंत गेला आणि संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत तसाच राहिला.

दुसरी तऱ्हा जास्त काळजीची आहे. आकडा ० असतो, आरएमएमॉड बिनतक्रार पार पडते, आणि साधारण दोन सेकंदांनी संपूर्ण संगणक गोठतो. दहा वेळा उतरवले तर एखाद-दुसऱ्या वेळी असे होते. सिरियल कन्सोलवर पकडलेल्या मजकुरात पत्त्यावरचे पान सापडत नसल्याची तक्रार आहे, तो पत्ता मॉड्यूलांसाठी राखलेल्या पट्ट्यातला आहे, आणि चढवलेल्या मॉड्यूलांच्या यादीच्या शेवटी ‘शेवटी उतरवलेले’ म्हणून माझ्याच मॉड्यूलचे नाव आहे.

सक्तीने उतरवण्याचा -एफ हा पर्याय मी वापरलेला नाही, कारण माझ्या कर्नलमध्ये ती सोय बंद आहे. ती चालू करून कर्नल पुन्हा कंपाइल करावे, की माझ्या कोडमध्येच मुळात काही चुकते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मितभाषी

ती सोय चालू करू नका. -एफ ने तुमची पहिली अडचण सुटल्यासारखी दिसेल, पण प्रत्यक्षात तिचे रूपांतर दुसरीत होईल. वापराचा आकडा शून्य नसताना मॉड्यूलची मेमरी काढून घेणे म्हणजे ज्या कोडमध्ये कोणीतरी अजून चालत असू शकते, तो कोडच त्याच्या पायाखालून ओढून घेणे होय. म्हणूनच सक्तीने मॉड्यूल उतरवले की कर्नल स्वतःला ‘आर’ ही खूण लावून घेते, आणि त्यानंतरच्या बिघाडांची तक्रार सहसा कोणी विचारात घेत नाही.

आकडा का अडकला आहे हे पाहण्यासाठी दोन ठिकाणे तपासा. /सिस/मॉड्यूल खाली तुमच्या मॉड्यूलच्या नावाची डिरेक्टरी असते. तिच्यातल्या ‘होल्डर्स’ मध्ये अवलंबून असलेली इतर मॉड्यूले दिसतात, आणि ‘इनिटस्टेट’ मध्ये मॉड्यूल चालू स्थितीत आहे, चढण्याच्या बेतात आहे की उतरण्याच्या, हे कळते. सुरुवातीचे (चढवताना चालणारे) किंवा शेवटचे (उतरवताना चालणारे) फंक्शन मधेच कोसळले असेल, तर मॉड्यूल त्या अधल्या-मधल्या स्थितीत कायमचे अडकते आणि मग संगणक पुन्हा सुरू करण्याला पर्याय उरत नाही.

पायवाट

मितभाषी, धन्यवाद. होल्डर्स रिकामे आहे आणि स्थिती ‘लाइव्ह’ अशी आहे.

अनुस्वार

पायवाट, तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकाच गैरसमजात असावे असे मला वाटते. वापराचा आकडा ० म्हणजे ‘आता हे मॉड्यूल कोणी वापरत नाही’ असे आपण वाचतो. प्रत्यक्षात त्या आकड्याला फक्त तेच वापरकर्ते माहीत असतात, जे दारात नोंद करून आत आले. मॉड्यूलने स्वतः बाहेर पाठवलेल्या गोष्टी, म्हणजे लावलेले टायमर, रांगेत टाकलेली कामे, नोंदवलेले इंटरप्ट, पुढे केव्हातरी बोलावले जाणारे कॉलबॅक, यांतली एकही त्या आकड्यात मोजली जात नाही. त्यांना परत बोलावणे ही मॉड्यूल लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे आणि कर्नल त्यात कोणतीही मदत करत नाही.

उतरवण्याची विनंती आल्यावर कर्नल काय करते ते क्रमाने पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आधी इतर कोणते मॉड्यूल यावर अवलंबून आहे का ते पाहिले जाते. मग मॉड्यूल चालू स्थितीत आहे का आणि त्याला शेवटचे फंक्शन आहे का, हे तपासले जाते. ते फंक्शन नसलेले मॉड्यूल कायमचे मानले जाते. त्यानंतर मोजणीचा भाग येतो. आतल्या मोजणीचा पाया ० नसून १ असतो. उतरवताना तो पायाचा १ वजा केला जातो, आणि उरलेली संख्या ० आली तरच पुढे जाता येते. नाही तर तो १ परत मिळवून नकार कळवला जातो. वजाबाकी आणि तपासणी एकाच अखंड टप्प्यात होत असल्यामुळे, ती पार पडल्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्राय_मॉड्यूल_गेट ला (मोजणी १ ने वाढवू पाहणाऱ्या फंक्शनला) ‘नाही’ असेच उत्तर मिळते. दार बंद झाले. आता मॉड्यूलची स्थिती ‘उतरत आहे’ अशी होते, शेवटचे फंक्शन बोलावले जाते, आणि ते परतले की मॉड्यूलची मेमरी मोकळी केली जाते.

यात एक बारकावा आहे, ज्याकडे नवखे लेखक दुर्लक्ष करतात: शेवटच्या फंक्शनला काहीही परत करता येत नाही. ‘माझे काम अजून चालू आहे, थोडे थांबा’ असे कर्नलला सांगण्याची सोयच त्यात नाही. त्यामुळे त्या फंक्शनला जर थांबायचे असेल, तर त्याने आतच थांबले पाहिजे, आणि परतण्यापूर्वी बाहेर पाठवलेले सगळे घरी आले आहे याची खात्री केली पाहिजे.

तुमचे ‘ओपन’ आणि शेवटचे, अशी दोन फंक्शन्स काय करतात ते पायरीपायरीने लिहाल का? मला दोन्ही ठिकाणी काय सापडेल याचा अंदाज आहे, पण तो न सांगता आधी वाचलेले बरे.

पायवाट

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

‘ओपन’ मध्ये मी सर्वप्रथम ट्राय_मॉड्यूल_गेट बोलावतो (हे एका जुन्या शिकवणीतून घेतले होते). नंतर डिव्हाइस आधीच कोणी उघडले असेल, तर ‘व्यस्त’ ही चूक परत करतो. ‘रिलीज’ मध्ये, म्हणजे फाइल बंद होताना, मोजणी १ ने कमी करणारे मॉड्यूल_पुट बोलावतो. फाइल ऑपरेशन्सच्या रचनेत मालक म्हणून माझे मॉड्यूलही नोंदवलेले आहे.

आकडे घेण्याचे काम टायमरवर चालते. दर दोन सेकंदांनी टायमर वाजतो, तो वर्कक्यूमध्ये (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) एक काम टाकतो, कारण यंत्राशी बोलताना झोपावे लागते आणि टायमरमध्ये झोपता येत नाही. ते काम आकडे वाचते, जुना बफर कॉल_आरसीयू ने (जुने वाचक बाहेर पडल्यावर दिलेले फंक्शन चालवणाऱ्या सोयीने) मोकळा होण्यासाठी सोपवते, नवा जागेवर ठेवते आणि जाताजाता टायमर पुन्हा लावते. शेवटच्या फंक्शनमध्ये मी डेल_टायमर, मग कॅन्सल_वर्क_सिंक, मग डिव्हाइसची नोंदणी रद्द, या क्रमाने जातो.

अनुस्वार

यात तीन चुका आहेत.

पहिली चूक ‘ओपन’ मधली. मालकाचे नाव नोंदवलेले असले, की फाइल उघडताना कर्नलचा गाभाच तुमच्या फंक्शनमध्ये पाऊल टाकण्यापूर्वी मोजणी वाढवतो आणि फाइल बंद झाल्यावर कमी करतो. त्यावर तुम्ही स्वतः आणखी १ वाढवता. डिव्हाइस व्यस्त असताना कोणी उघडायचा प्रयत्न केला, तर तुम्ही चूक परत करता; गाभा आपला १ परत घेतो, पण उघडणे अयशस्वी झाल्यामुळे ‘रिलीज’ कधीच बोलावले जात नाही, आणि तुमचा १ तसाच राहतो. चार अयशस्वी प्रयत्नांनंतर आकडा ४ होतो. हा वापर कोणत्याही उघड्या फाइलशी जोडलेला नसल्यामुळे एलएसओएफ ला तो दिसणार तरी कसा? उपाय म्हणजे ‘ओपन’ आणि ‘रिलीज’ मधल्या त्या दोन्ही ओळी काढून टाकणे.

त्या ओळी केवळ अनावश्यक नाहीत, तर तत्त्वतःच चुकीच्या आहेत. मॉड्यूलने स्वतःच स्वतःची मोजणी वाढवण्यात नेहमी एक फट राहते, कारण मोजणी वाढवणारी ओळ चालते तेव्हा आपण आधीच मॉड्यूलच्या कोडमध्ये उभे असतो. बाहेर पडतानाही तेच: मॉड्यूल_पुट नंतर परतण्यापुरत्या का होईना, काही सूचना मॉड्यूलच्याच मेमरीतून चालायच्या उरतात, आणि तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसरवर आरएमएमॉड पूर्ण होऊ शकते. २.४ पर्यंतच्या लिनक्समध्ये मॉड्यूले सर्रास अशीच स्वतःची मोजणी करत असत. २.५ या विकास मालिकेत रस्टी रसेल यांनी मॉड्यूल चढवण्याची यंत्रणा नव्याने लिहिली, आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ पासून ‘मोजणी बाहेरच्याने करावी’ ही शिस्त रूढ झाली. तुमची ती शिकवणी त्या जुन्या वळणाची असावी.

दुसरी चूक तुमचा संगणक गोठवते. डेल_टायमर फक्त लावलेला टायमर काढतो. समजा त्याच क्षणी वर्कक्यूमधले काम यंत्राशी बोलण्यात गुंतले आहे. तुम्ही टायमर काढला, कॅन्सल_वर्क_सिंक ने त्या कामाची इमानाने वाट पाहिली, आणि त्या कामाने आपली शेवटची ओळ चालवून टायमर पुन्हा लावला. शेवटचे फंक्शन परतले, मेमरी मोकळी झाली. दोन सेकंदांनी टायमर वाजतो आणि प्रोसेसर जिथे आता काहीच नाही अशा पत्त्यावर उडी मारतो. हे एखाद्या प्रोसेसच्या नावाने न घडता इंटरप्टच्या संदर्भात घडत असल्यामुळे, एका प्रोसेसला मारून कर्नलला पुढे जाता येत नाही. संपूर्ण यंत्रणा थांबते. दहातून एखाद-दुसऱ्या वेळीच हे होते, कारण उतरवण्याच्या नेमक्या क्षणी काम चालू असावे लागते.

इथे नुसते ‘सिंक’ जातीचे, म्हणजे चालू टायमर संपेपर्यंत थांबणारे, टायमर काढणारे फंक्शन वापरून भागणार नाही. टायमर आधी काढला तर काम तो पुन्हा लावते. काम आधी रद्द केले तर मधेच वाजलेला टायमर ते पुन्हा रांगेत टाकतो. हे चक्र तोडावे लागते. ६.२ पासून टायमर_शटडाउन_सिंक हे नेमके यासाठीच उपलब्ध आहे: ते चालू टायमर संपण्याची वाट पाहते आणि नंतर कोणी तो लावू पाहिला, तरी मुकाट्याने दुर्लक्ष करते. आधी ते बोलवा, मग काम रद्द करा. पण तुमच्या बाबतीत मी टायमरच काढून टाकेन. विलंबित काम, म्हणजे डिलेड वर्क, स्वतःलाच पुन्हा रांगेत टाकू शकते, आणि कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक अशा स्वतःला पुन्हा टाकणाऱ्या कामालाही नीट थांबवते. दोन हलणारे भाग जाऊन एक उरतो.

तिसरी चूक अजून तुम्हाला चावलेली नाही, पण चावेल. कॉल_आरसीयू ला दिलेले फंक्शन तुमच्या मॉड्यूलमधले आहे आणि ते केव्हा चालेल हे तुमच्या हातात नाही. अनेक जण इथे सिंक्रोनाइझ_आरसीयू लिहून निर्धास्त होतात. त्याने फक्त जुने वाचक बाहेर पडल्याची हमी मिळते. रांगेत थांबलेले कॉलबॅक चालून संपल्याची नाही. त्यासाठी आरसीयू_बॅरियर आहे, आणि ते बोलावण्यापूर्वी नवे कॉल_आरसीयू होण्याची शक्यता संपलेली हवी, म्हणजेच काम आधी रद्द झालेले हवे.

क्रमही उलटा करा. आधी डिव्हाइसची नोंदणी रद्द, म्हणजे नवे कोणी येणार नाही. मग विलंबित काम थांबवणे. मग आरसीयू_बॅरियर. मग उरलेली मेमरी मोकळी करणे. आणि यांतले कोणतेही वाट पाहणारे फंक्शन, त्या कामाला लागणारे कुलूप (लॉक) स्वतः धरून बोलावू नका. नाही तर काम कुलपाची वाट पाहील, तुम्ही कामाची वाट पाहाल आणि आरएमएमॉड मारताही न येणाऱ्या झोपेत अडकेल.

जुनीवही

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक मूलभूत प्रश्न विचारतो. चालू यंत्रणेतून मॉड्यूल काढण्याची गरज खरोखर किती जणांना असते? ज्या कामात चूक झाली तर सगळेच कोसळते, ते काम टाळून संगणक पुन्हा सुरू करणे हाच शहाणपणा नव्हे काय? ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने ५.७ या आवृत्तीत चढवता-उतरवता येणारी मॉड्यूले पूर्णपणे काढून टाकली. लिनक्समध्येही ‘मॉड्यूल्स_डिसेबल्ड’ हा सिसकंट्रोल (चालू कर्नलमध्ये बदलता येणारी सेटिंग) एकदा १ केला, की पुढच्या सुरुवातीपर्यंत मॉड्यूल चढतही नाही आणि उतरतही नाही. मी सांभाळत असलेल्या सर्व्हरांवर तो नेहमी १ ठेवतो.

अनुस्वार

जुनीवही, सर्व्हरबाबत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. परंतु मॉड्यूल लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला दिवसातून वीस वेळा चढवणे-उतरवणे करावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जे मॉड्यूल नीट उतरत नाही त्यात बहुधा इतरत्रही आयुष्यमर्यादेची, म्हणजे वापरात असलेली गोष्ट आधीच मोकळी होण्याची, चूक असते. यंत्राची केबल चालू असताना उपसली, तर नेमके हेच प्रश्न उभे राहतात, आणि तेव्हा वापराचा आकडा विचारायला कोणी थांबत नाही.

फ्रीबीएसडीची रीत मला या बाबतीत जास्त पसंत आहे. तिथे उतरवण्याची केएलडीअनलोड ही आज्ञा आधी मॉड्यूलला ‘शांत हो’ असा निरोप देते आणि मॉड्यूल त्या टप्प्यावर नकार देऊ शकते. सक्ती केली तर तो नकार बाजूला ठेवला जातो, पण पुढच्या उतरवण्याच्या निरोपालाही मॉड्यूल ‘नाही’ म्हणू शकते. विंडोजमध्ये उतरवण्याच्या रूटीनला लिनक्सप्रमाणेच नकार देता येत नाही, आणि टायमर किंवा रांगेतले काम मागे ठेवून ड्रायव्हर निघून गेला, तर त्यासाठी ०एक्ससीई हा स्वतंत्र निळ्या पडद्याचा क्रमांकच आहे. पायवाट यांचा दोष किती सार्वत्रिक आहे हे त्यावरून दिसते.

शब्दचांदणी

मी मॉड्यूल लिहीत नाही, फक्त यंत्रणा सांभाळते. माझा अनुभव पायवाट यांच्या उलट आहे. दूरच्या एका संगणकावर नेटवर्क कार्डच्या ड्रायव्हरचा आकडा ० दिसला, म्हणून ‘वापरात नाही’ असे समजून मी तो उतरवला, आणि ज्या जोडणीवरून मी आज्ञा देत होते तीच तुटली. कार्ड चालू असताना आकडा शून्य कसा?

दुसरे म्हणजे, एका फाइलसिस्टिमचे मॉड्यूल ती अनमाउंट केल्यावरही वापरात दिसते. तेही कृपया समजावून सांगावे.

मितभाषी

नेटवर्कमध्ये हे जाणूनबुजून तसे ठेवले आहे. इंटरफेस चालू केल्याने ड्रायव्हरच्या मॉड्यूलची मोजणी वाढत नाही. उतरवताना इंटरफेस बंद करून नोंदणी रद्द केली जाते आणि त्याला धरून बसलेल्यांनी सोडेपर्यंत वाट पाहिली जाते. कोणी सोडलेच नाही, तर ‘अमुक मोकळे होण्याची वाट पाहत आहे’ अशी ओळ लॉगमध्ये पुन्हापुन्हा येत राहते. दूरवरून काम करताना उतरवणे आणि पुन्हा चढवणे या दोन्ही आज्ञा एकाच ओळीत, तुमच्या टर्मिनलपासून अलग चालतील अशा रीतीने द्याव्यात.

फाइलसिस्टिमबाबत: आळशी अनमाउंट, म्हणजे -एल, वापरला होता का? त्याने माउंट फक्त झाडावरून नाहीसा होतो. एखादी फाइल उघडी असेल तर फाइलसिस्टिम जिवंतच राहते. दुसरे कारण म्हणजे एखाद्या कंटेनरच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये (माउंटांच्या स्वतंत्र यादीत) तोच माउंट शिल्लक असणे. प्रत्येक प्रोसेसच्या /प्रॉक मधली ‘माउंट्स’ ही फाइल चाळली की तो सापडतो.

शब्दचांदणी

कंटेनरच निघाला. आभारी आहे.

पायवाट

सर्वांचे आभार. काय घडले ते सविस्तर लिहितो.

‘ओपन’ मधल्या त्या ओळी काढण्यापूर्वी अनुस्वार यांचे म्हणणे पडताळून पाहिले. एका टर्मिनलमध्ये डिव्हाइस उघडे ठेवले, दुसऱ्यातून तीन वेळा उघडण्याचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा ‘व्यस्त’ असे उत्तर आले, आणि पहिले टर्मिनल बंद केल्यावर आकडा बरोबर ३ वर थांबला. ओळी काढल्यावर तो ० वर येतो.

गोठण्याच्या अडचणीसाठी कोड बदलण्याआधी डीबग ऑब्जेक्ट्सची सोय चालू करून कर्नल कंपाइल केले आणि जुनेच मॉड्यूल वारंवार चढवले-उतरवले. थोड्याच वेळात ‘सक्रिय वस्तू मोकळी केली जात आहे, जात टायमर’ असा इशारा आला आणि त्यात माझ्या टायमर फंक्शनचे नाव होते. महिनाभर ज्याला मी यंत्राच्या वायरीचा दोष समजत होतो, तो माझ्या शेवटच्या फंक्शनमध्ये होता. आता टायमर काढून विलंबित काम घेतले आहे, आरसीयू_बॅरियर जोडले आहे आणि क्रम उलटा केला आहे. काल रात्रभर एक स्क्रिप्ट मॉड्यूल चढवत-उतरवत होती आणि दुसरी सतत डिव्हाइस उघडून वाचत होती. सकाळी दोन्ही चालू होत्या.

एकच शंका उरली आहे. पुढे यंत्राशी बोलण्यासाठी विलंबित कामाऐवजी स्वतःचा एक कर्नल थ्रेड ठेवण्याचा विचार आहे. त्या थ्रेडने शेवटी ‘मी संपलो’ असे कम्प्लिशनने (काम झाल्याचे वाट पाहणाऱ्याला कळवणाऱ्या कर्नलच्या सोयीने) कळवायचे आणि शेवटच्या फंक्शनने त्याची वाट पाहायची, हे पुरेसे आहे का?

अनुस्वार

नाही. ‘मी संपलो’ असे कळवल्यावरही तुमच्या थ्रेड फंक्शनच्या काही सूचना चालायच्या उरलेल्या असतात: स्टॅक आवरणे, परतणे. वाट पाहणारा त्याच क्षणी जागा होऊन परतला, तर त्या सूचनांखालची मेमरी गेलेली असेल. थ्रेडमध्ये केथ्रेड_शुड_स्टॉप तपासत राहा आणि शेवटच्या फंक्शनमध्ये केथ्रेड_स्टॉप बोलवा. तुमचे फंक्शन परतून थ्रेड कर्नलच्या स्वतःच्या कोडमध्ये पोचल्यानंतरच ते परत येते. थ्रेडला स्वतःहूनच संपायचे असेल, तर कम्प्लिशन कळवणे आणि थ्रेड संपवणे ही दोन्ही कामे एकत्र करणारे केथ्रेड_कम्प्लीट_अँड_एक्झिट वापरा. ते फंक्शन कर्नलच्या गाभ्यात असल्यामुळे कळवल्यानंतरची एकही सूचना तुमच्या मॉड्यूलमधून चालत नाही.